चाळीस नंबरचं ऑईल

इंजिन भंगारात गेलं तरी आमच्याकडे त्या खोलीला इंजिनाची खोलीच म्हणतात. विहिरीवर वीज आली तेव्हा इंजिन बाजूला पडलं, विहीर आटली तेव्हा विजेची मोटरही वर आली, आणि आता पाणी आहे ते बोअरमध्ये, काही शे फूट खाली. वर फक्त स्टार्टरची पेटी. इंजिनाचा चौथरा मात्र चार गंजके बोल्ट वर काढून तसाच आहे. नांदेडहून लातूरला जाताना लोहा सोडलं की अहमदपूर, चाकूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी अशा खोल्या दिसतात. पत्र्याच्या, एका दाराच्या, बिनखिडकीच्या. आत तुटका पट्टा, फूटवॉल, वाकलेलं हँडल, खताची रिकामी पोती आणि फळीवर ऑईलचे डबे.

डबे कुणी टाकून देत नाही. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला काही टाकून द्यायला सांगून बघा. माझे काका त्यातले. त्यांच्या फळीवर तीन नग आहेत. एक पत्र्याचा चौकोनी डबा, भूकंपाच्या आदल्या साली घेतलेला. एक पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, गुरु-ता-गद्दीच्या सालचा. आणि टू-टी ऑईलची एक बाटली, जिचं साल काकांनाही आठवत नाही. आमच्या भागात तारखा अशाच चालतात. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा, नांदेडचा गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा २००८च्या दिवाळीतला. या दोन खुंट्यांवर मधली सगळी लग्नं, बाळंतपणं आणि खरेद्या टांगता येतात. पत्र्याचा डबा फोडलेला, निम्मा रिकामा आणि तोंडाला फडक्याचा बोळा लावलेला. कॅनचं सील शाबूत.

यंदा चुलतभावाने नवी पिकअप घेतली. पहिली सर्व्हिस झाली, दुसरीला ऑईलचा भाव ऐकून तो घरी आला तो थेट इंजिनाच्या खोलीत. कॅन पुसून माझ्यासमोर ठेवला. "सील तुटलेलं नाही. टाकू का?" मी काही बोलायच्या आत काका ओसरीवरून म्हणाले, "टाक की. तेलाला काय किडा लागतूय व्हय? पैसे पडलेत त्याला. फेकून देऊलालास का काय?"

प्रश्न साधा आहे आणि कॅन त्याचं उत्तर देत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मुदत असते, औषधावर असते. ऑईलच्या कॅनवर भरल्याचा महिना आणि साल असतं, पुढे बहुतेक वेळा काहीच नाही. म्हणून हा प्रश्न दर उन्हाळ्यात, घर झाडायला काढलं की, कुठल्या ना कुठल्या ओसरीवर येतोच. एक पक्ष म्हणतो तेल ते तेल. दुसरा म्हणतो जुनं ते नासलंच असणार.

नासतं म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. हा करडईचा मुलूख. घाण्याचं करडईचं तेल उन्हाळ्यात उघडं राहिलं तर किती लवकर खवट होतं हे इथल्या कुठल्याही बाईला विचारावं. करडईच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं आणि त्याच्या रेणूतले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला आयतेच सापडतात. खवटपणा तिथूनच सुरू होतो. आमच्या आज्यापणज्यांचं वंगणही बियांचंच होतं. एरंडेलात काजळी खलून केलेलं ते काळं वंगण नळकांड्यात भरून बैलगाडीखाली टांगलेलं असे, आणि फार दिवस पडून राहिलं की चिकट होई. एरंडेल मोटारीतही गेलं. १९०९ साली लंडनच्या वेकफील्ड कंपनीने खनिज तेलात एरंडेल घालून इंजिनाचं ऑईल बाजारात आणलं, तेच कॅस्ट्रॉल. घसरण उत्तम, पण इंजिनात राळ धरायची खोड त्या तेलाचीही गेली नाही. तेव्हा तेल म्हणजे एक ना एक दिवस बिघडणारी वस्तू, ही समजूत आमच्याकडे घाण्यापासून गाडीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरलेली आहे.

कॅनमधलं ऑईल मात्र बियांचं नाही. त्यातला पंचाहत्तर ते नव्वद टक्के भाग शुद्ध केलेलं खनिज तेल असतो. मुंबईत माहूलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत असं तेल निघतं. त्याच्या रेणूंत दुहेरी बंध जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ऑक्सिजनला धरायला जागा फार थोडी. इथवर काकांचं बरोबर. खरी भानगड उरलेल्या दहा ते पंचवीस टक्क्यांत आहे. तिथे काजळीला गोळा होऊ न देणारी रसायनं आहेत, आम्ल मारणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आहेत, कॅम आणि टॅपेटची झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग आहे, उन्हात पातळ न होऊ देणारी आणि गंज अडवणारी अशी आणखी मंडळी आहेत. फेस मारणारं सिलिकोन तर तेलात विरघळतच नाही, बारीक कणांनी तरंगत राहतं, त्यामुळे वर्षानुवर्षं न हललेल्या डब्यात तळाला बसायचा पहिला मान बहुधा त्याचा. कंपन्या सीलबंद डब्याला साधारण पाच वर्षं देतात, काही त्याहून कमी, ती या मंडळींच्या काळजीने.

उष्णतेचं म्हणाल तर रसायनशास्त्रात एक ढोबळ हिशोब आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की हवेशी होणारी झटापट साधारण दुप्पट वेगाने होते. इंजिनाच्या चेंबरात शंभर अंशांवर एका तासात जे घडतं, त्याला फळीवर चाळीस अंशांना साठ-पासष्ट तास लागावेत. वर इंजिनात डिझेलची काजळी, जळालेल्या वायूंचं आम्ल आणि धातूचा चुरा असतो तो वेगळाच. म्हणून तीन वर्षं फळीवर राहिलेलं ऑईल आणि एक हंगाम ट्रॅक्टरमध्ये राहिलेलं ऑईल यांची बरोबरी होत नाही. पण फळी कुठे आहे हेही बघायला हवं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ला जातो तो सावलीतला. बिनखिडकीच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी किती होतं ते कुणी मोजलेलं नाही, आत जाऊन उभं राहिलं की पुरतं.

पण सगळ्यात मोठा शत्रू वेगळा. डबा श्वास घेतो. दोनशे लिटरचा ड्रम उघड्यावर उभा ठेवला की वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं. दुपारी ड्रम तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. मग सर येते, ड्रम एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि वर साचलेलं पाणी त्याच आट्यांतून आत ओढलं जातं. बूच हाताने पिळून घट्ट केलेलं असलं तरी. म्हणून जाणते दुकानदार ड्रम आडवा ठेवतात, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत तेलाखाली राहतील असा. अर्धवट डबा तर हा उद्योग रोज करतो, कारण आत हवाच जास्त.

जुन्या माणसांना हे ज्वारीबाबत पक्कं ठाऊक होतं. जमिनीत खोदलेल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. तोंड लिंपलं की आतला प्राणवायू दाणे आणि किडेच संपवून टाकत आणि मग कुणालाच काही करता येत नसे. पेव फोडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. घाईने उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत. आणि एकदा फोडलं की सगळी ज्वारी वर काढायची. निम्मं पेव कुणी पुन्हा बुजवून ठेवत नसे. ऑईलचा निम्मा डबा मात्र आम्ही फडक्याचा बोळा लावून तीस वर्षं ठेवतो.

पाण्याचा विषय लातूरच्या पाण्याशिवाय संपत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या टाक्या आधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन घेतल्या होत्या, कारण एरवी त्या तेल वाहणाऱ्या. तेलाच्या भांड्यात पाणी भरायचं तर एवढा खटाटोप. उलट्या वाटेने पाणी तेलात शिरायला मृगाची एक सर पुरते, आणि शिरल्यावर ते गुपचूप बसत नाही: झीज रोखणारी संयुगं त्याने फुटतात, क्षार साक्यात उतरतात, बेअरिंगला गंज चढतो.

तेव्हा आम्ही तपासायचं ठरवलं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, निदान पहिल्या पायरीला तरी. काकूने आधीच बजावलं, "भाकरीच्या तव्याला हात लावू नगा." मग पत्र्याचा एक तुकडा चुलीवर ठेवला. त्याआधी दोन्ही ऑईलं लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्यांत रात्रभर ठेवली होती. पत्र्याच्या डब्यातलं, म्हणजे एसएई ४०, गावच्या भाषेत चाळीस नंबर, सकाळी वर तपकिरी आणि खाली गढूळ. तळाला बोटभर साका, आणि मधे दुधट पट्टा. वास आंबूस. कॅनमधलं उन्हात धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. पत्रा तापल्यावर चाळीस नंबरचा थेंब सोडला तो तडतड करत उडाला, बारीक बुडबुडे फुटून पत्राभर शिंतोडे. यात पाणी आहे, हजारात एखादा भाग असला तरी ते असं बोलतं. कॅनचा थेंब नुसता पसरला आणि थोड्या वेळाने धुरायला लागला. काका लांबून बघत होते. "मग? काय म्हणलं मी?" त्यांनी फक्त दुसऱ्या थेंबाकडे बोट केलं.

भावाला एवढ्याने पुरेल असं वाटलं होतं. पण पिकअप अजून वॉरंटीत, म्हणून नांदेडला लातूर फाट्याजवळच्या आमच्या जुन्या मेकॅनिककडे कॅन घेऊन गेलो. सगळे त्यांना मामू म्हणतात. मामूंनी झाकण उघडलं नाही, वास घेतला नाही, कॅन उलटा फिरवून मागची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि कॅन परत भावाच्या हातात दिला. "तेल को कुछ नै हुआ साब. पर ये इस गाडी का तेलच नै है."

त्या बारीक अक्षरांत सगळं असतं. १५डब्ल्यू-४० हा जाडीचा आकडा सगळे वाचतात. त्याखाली एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा असतो तो सहसा कुणी वाचत नाही. एसने सुरू होणारा पेट्रोल इंजिनासाठी, सीने सुरू होणारा डिझेलसाठी, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. आमच्या कॅनवर होतं सीएफ-४. हा दर्जा १९९० सालचा. २००८मध्ये गावाकडच्या दुकानात तो सर्रास मिळायचा. पण सीएफनंतर सीजी, सीएच, सीआय, सीजे हे दर्जे तोवर येऊन गेले होते, आणि २०१६च्या अखेरीस सीके-४ही आला. ऑईल आमच्या फळीवर बसून होतं आणि इंजिनं पुढे निघून गेली.

१ एप्रिल २०२०पासून देशात नव्या गाड्या बीएस-६च्याच विकल्या जातात. त्यातल्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो, डीपीएफ. काजळी कोळशाची, गाडी अधूनमधून तो फिल्टर तापवून ती जाळून टाकते. पण इंजिनात थोडंफार ऑईलही जळतंच, आणि ऑईलमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त जळून जी राख होते ती पुन्हा जळत नाही. ती फिल्टरच्या छिद्रांत कायमची बसते. म्हणून सीजे-४ आणि सीके-४ ऑईलमध्ये राखेचं प्रमाण एक टक्क्याच्या वर जाऊ देत नाहीत. जुन्या ऑईलला असली अट नव्हती, कारण तेव्हा मागे फिल्टरच नव्हता, धूर सरळ मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जायचा. नव्या फिल्टरची किंमत मामूंनी सांगितल्यावर भावाने कॅन स्वतःच गाडीच्या मागच्या बाजूला टाकला.

उलट बाजूही मामूंनीच सांगितली, आणि मला ती जास्त आवडली. पेट्रोल गाड्यांच्या ऑईलमधलं फॉस्फरस गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कमी करत आणलं, कारण ते धुराबरोबर जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतं. पण जुन्या धाटणीच्या इंजिनात कॅम थेट टॅपेटवर घासतो, तिथे जस्त-फॉस्फरसच त्याचा बचाव. गॅरेजमध्ये एक जुनी जीप उभी होती. तिच्यात सगळ्यात नवं, सगळ्यात महाग ऑईल घालणारा गिऱ्हाईक येतो तेव्हा मामू त्याला परत पाठवतात. मोटारसायकलचं आणखी तिसरंच. तिथे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले, म्हणून डब्यावर जासो एमए असं पाहून घ्यावं लागतं. गाडीचं उरलेलं गुळगुळीत ऑईल बुलेटमध्ये ओतलं की क्लच सटकतो आणि पोरं क्लचप्लेटला शिव्या देतात.

टू-टीच्या बाटलीबद्दल मला वाटलं होतं की तिचं आयुष्य संपलं. ती चेतकची, लुनाची, एम-८०ची बाटली. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि दोन्ही मिळून जळून जायचं, मागे निळा धूर. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि एके काळी त्या सोळाही रस्त्यांवरून पहाटे दुधाच्या किटल्या लटकवलेल्या एम-८० आत शिरायच्या. तो धूर आणि तो आवाज दोन्ही आता गेले. पण बाटली मामूंनी हातात घेतली, हलवली, उन्हात धरली आणि विचारलं, "फवारणी का पंप है ना घर में?" पेट्रोलवर चालणारे पाठीवरचे पुष्कळ फवारणी पंप टू-स्ट्रोकच असतात. तुरीवर अळी पडली की गावात दहा-बारा पंप एकदम सुरू होतात. फळीवरच्या तिघांत बिनकामाची वाटलेली तीच आधी कामाला लागली.

मामूंकडे अजून एक पद्धत आहे. ऑईल ओतून झालं की रिकाम्या कॅनला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडायचं, गिऱ्हाइकासमोर. भंगारवाले नामांकित कंपनीचा कॅन झाकणासकट धड असला तर जादा पैसे देतात, आणि ते कशासाठी हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे: गाळलेलं काळं ऑईल त्यात भरून पुन्हा बाजारात यायचं. त्यामुळे 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याच्या सीलबंद कॅनपेक्षा काकांच्या फळीवरचा कॅन मी जास्त विश्वासाने घेईन. निदान तो कुणी भरला हे ठाऊक आहे.

चाळीस नंबरचा डबा परत न्यायला मामूंनी मनाई केली आणि गॅरेजच्या काळ्या ऑईलच्या ड्रममध्ये रिकामा करून घेतला. तो ड्रम नोंदणी असलेला माणूस घेऊन जातो. वापरलेलं ऑईल हा धोकादायक कचरा आहे, आणि एप्रिल २०२४पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑईल विकणाऱ्या कंपन्यांवरही घातली आहे. गावात मात्र ते अजून सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, वाळवीसाठी खांबांच्या बुडाला ओततात, आणि उरलेलं ओढ्यात. ज्या गावात पिण्याचं पाणी बोअरचं आहे तिथे हे चालतं याचं मला नवल वाटतं आणि रागही येतो. काकांनी रिकामा डबा तेवढा परत मागवला. डबा चांगला आहे म्हणाले.

राहिला कॅन. सीएफ-४ला साजेसं इंजिन हवं, म्हणजे साधं, जुनं, मागे फिल्टर नसलेलं. आणि असं इंजिन चाकूरच्या पाहुण्यांच्या दारात उभं आहे, महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर. मामूंनी तिथे घालायला हरकत नाही म्हटलं, दोन अटींवर: कॅन न हलवता ओतायचा आणि तळाचं दोन बोटं ऑईल कॅनमध्येच सोडायचं, आणि एरवी अडीचशे तासांना बदलता ते शंभरालाच बदलायचं. पाहुणे आले, पत्र्यावर थेंब टाकून त्यांनीही बघितला, पटलं. कॅनवर छापलेला २००८चा भाव वाचून त्यांनी खिशातून तेवढ्या नोटा काढल्या.

काकांनी नोटांना हात लावला नाही. आजच्या भावाने घेणार असाल तर न्या, म्हणाले. पाहुणे म्हणाले, आजच्या भावात आजचं ऑईल येतं. पेरणी पंधरा दिवसांवर आली आहे, ट्रॅक्टरचं ऑईल काळं झालं आहे, मधे काकूचा एक आणि माझे दोन फोन होऊन गेले. काकांचं म्हणणं तेच आहे: "एवढी वर्षं सांभाळलं ते काय फुकट व्हय? ज्वारीला कुणी पेरणीच्या सालचा भाव देतंय का?"